मोजावा न लागणारा टाका

जुन्यापान्या वस्तूंतून घराला उपयोगी आणि डोळ्यांना बरे वाटेल असे काही करायचे, हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते: पूर्वीच्या बायकांना वेळ होता. दुपारची जेवणे उरकली की त्या ओसरीवर बसत आणि बोलता बोलता गोधडी पुरी होई. आता नोकऱ्या आल्या, लोकल आली, मुलांच्या शिकवण्या आल्या, म्हणून ते सगळे गेले. या वाक्यात हळहळ आहे आणि आजच्या बाईला मारलेला बारीकसा टोमणाही आहे. पण इतिहास म्हणून ते टिकत नाही. मराठी घरातली सर्वांत जास्त पसरलेली आणि खऱ्या अर्थाने काटकसरीची हस्तकला म्हणजे गोधडी, आणि ती सवडीतून जन्मलेली नाही. सवड नसलेल्या घराला झेपेल असाच तिचा घाट आहे. ज्या कलाकुसरीला खरोखर निवांतपणा लागतो, ती क्रोशाची, मण्यांची, रुखवताची कलाकुसर पुष्कळ उशिरा आली, वेगळ्या घरांत आली, आणि काटकसरीशी तिचे नाते फार पातळ होते. आपण या दोन्ही परंपरा एकाच खात्यात जमा करतो आणि मग एकीकडचा वेळ दुसरीच्या नावावर मांडतो.

गोधडीचे गणित कळायला तिच्या शेजारी काय होते ते पाहावे लागते. देशावरच्या गावात रात्री अंगाखाली-अंगावर घ्यायला मुख्यतः तीन गोष्टी होत्या. एक घोंगडी. मेंढ्यांची लोकर, सणगरांच्या नाहीतर धनगरांच्या मागावर विणलेली. पावसात डोक्यावरून घ्यायला आणि राखणीला शेतात न्यायला उत्तम, पण ती विकत घ्यावी लागे, पैशाने नाहीतर धान्याने. दुसरी गादी किंवा रजई. तिला कापूस हवा, नवी खोळ हवी, आणि कापूस दडपला की धनुकली घेऊन दारावर येणाऱ्या पिंजाऱ्याला मजुरी हवी. तिसरी गोधडी, म्हणजेच अनेक भागांत जिला वाकळ म्हणतात ती. तिच्यासाठी घराबाहेरून फक्त दोरा आणावा लागे. कापडाचे दाम आधीच वसूल झालेले असत. लुगडे मध्ये विरले की विरलेला भाग काढून दोन धड टोके जोडायची, त्याला दांड घालणे म्हणत, आणि असे दांडाचे लुगडे आणखी काही काळ नेसले जाई. नेसण्याच्याही पलीकडे गेले की त्याची वाटणी होई: मऊ भागाचे बाळाला दुपटे, एखादा तुकडा कुंचीच्या अस्तराला, बाकीचे गोधडीला. अंगभर धड राहिलेले लुगडे मिळाले तर हिशेब सरळच होता. ९ वार म्हणजे २७ फूट. चौपदरी घातले की पावणेसात फूट. लांबी माणसाला पुरते, पन्हा अंगाला पुरतो, आणि कात्री लावावीच लागत नाही. आत धोतराचे, सदऱ्याचे, फाटक्या चादरीचे थर. कित्येकदा नवी गोधडी जुनीच्या अंगावरच चढे: वरचे कापड झिजले की त्यावर दुसरे लुगडे घालून पुन्हा टाके. अशा गोधडीचे वय सांगता येत नाही, कारण तिच्या पोटात तिच्याआधीची गोधडी असते.

आता टाका पाहा. धावदोरा हा शिवणातला सर्वांत साधा टाका. काठापासून सुरुवात करायची, काठाला समांतर ओळी घालत आत आत सरकायचे आणि मध्यावर यायचे. चौकट लागत नाही, छाप लागत नाही. जमिनीवर पसरली की काम सुरू, गुंडाळून कोपऱ्यात सारली की काम बंद. आणि यात मोजणी नाही, ही सर्वांत मोठी गोष्ट. क्रोशाची सुई हातात असलेल्या बाईला मधेच हाक आली तर खांब किती झाले ते ती विसरते. दसुतीवर फुल्या भरताना एक घर चुकले तर पाकळी सरकते आणि उसवण्यात तेवढाच वेळ जातो. गोधडीत सुई जिथे खोचून उठावे तिथूनच पुढे चालू. मूल रडले, म्हैस सुटली, पाहुणा आला, तरी काही बिघडत नाही. दोघीजणी समोरासमोरच्या काठांवर बसू शकतात. एकीचा हात बारीक, दुसरीचा ढोबळ असला तरी गोधडी दोघींनाही सामावून घेते. नजर अधू झालेल्या सासूला कोणीतरी सुई ओवून दिली की पुरे, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलीला वेगळे शिकवावे लागत नाही, शेजारी बसवले की ती शिवू लागते. कामाची रचना पाहून कामगाराच्या दिवसाचा अंदाज बांधता येत असेल, तर या टाक्यावरून दिसणारा दिवस तुकड्यातुकड्यांचा आहे. सलग दोन तास कोणालाही मिळणार नाहीत, हे गृहीत धरूनच ही पद्धत बसलेली आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. गोधडीवरचे टाके गरजेपेक्षा दाट दिसतात. जुने कापड एकत्र धरून ठेवायला दहा-वीस ओळी पुरल्या असत्या, मग बोटाबोटाच्या अंतरावर शेकडो ओळी कशाला? हे जादा श्रम म्हणजेच फावल्या वेळेचा पुरावा नाही का? याचे उत्तर नदीवर मिळते. घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण बाहेर काढून धुवायची रीत महाराष्ट्राच्या गावोगावी आहे. गोधडी भिजली की एकट्या माणसाला उचलत नाही. ती पायांनी तुडवावी लागते, दगडावर आपटावी लागते, दोघांनी दोन टोके धरून पिळावी लागते. हे सगळे होणार कोणाच्या अंगावर? तर आधीच विरलेल्या कापडाच्या सहा-सात थरांवर. टाके विरळ असते तर पहिल्याच धुण्यात आतले तुकडे एका कोपऱ्यात गोळा झाले असते आणि सगळे काम पुन्हा करावे लागले असते. दाट टाका घालणाऱ्या बाईने वेळ उधळला नाही. पुढच्या अनेक वर्षांचा वेळ वाचवला. कापड जितके जुने तितका आधार दोऱ्याचा, आणि बऱ्याच जुन्या गोधड्यांत शेवटी कापडापेक्षा दोराच जास्त शिल्लक दिसतो. राहिली ती शोभा. लाल तुकडा वर घ्यायचा की आत ढकलायचा, काठाची पट्टी कडेला लावायची की मधे, हे ठरवायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. गोधडीतले सौंदर्य बहुतेक या निवडीत आहे, आणि म्हणूनच ते फुकट मिळाले.

दुसरा आक्षेप हंगामाचा. गोधड्या शिवल्या जात त्या उन्हाळ्यात, सुगी उरकल्यावर आणि पेरणीच्या आधी. म्हणजे रिकाम्या दिवसांत, असे म्हणता येईल. पण शेतातले काम थांबले म्हणून बाईचे काम थांबले असे कधी झालेले नाही. त्याच आठवड्यांत पापड, कुरडया, शेवया, वर्षाचे तिखट-मसाला, डाळी करणे, गोवऱ्या थापून रचणे, पावसाळ्याचे सरपण भरणे आणि भिंती लिंपणे ही सगळी बेगमी उभी असते. शिवाय त्यांपैकी पुष्कळ कामे उन्हावर आणि दुसऱ्याच्या हातावर अवलंबून. कुरडईचा चीक शिजेपर्यंत, वाळवण राखत बसताना जे मधले तुकडे उरतात त्यांत गोधडी बसते. तिला उन्हाळा लागतो याचे कारण बरेच साधे आहे: तेव्हा अंगण कोरडे असते आणि गोधडी पसरायला जागा लागते.

बाईच्या दिवसाचा यापेक्षा बोलका पुरावा जात्यावर आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जगात कुठेही मोठा म्हणावा असा हा संग्रह आहे, आणि त्यातली ओवी मुळात दळता दळता रचली गेली, पहाटे, दिवस उजाडायच्या आत, कारण उजाडल्यावर दुसरी कामे होती. एवढे काव्य निवांतपणातून आलेले नाही; ते कष्टाच्या पोटात, कष्टाच्याच लयीत झाले. पिठाच्या गिरण्या गावोगावी पोचल्या, दळणाचे तास वाचले, तेव्हा ओव्या वाढल्या नाहीत, आटल्या. सवड मिळाली की कला फुलते हा नियम खरा असता तर याच्या उलट घडायला हवे होते. गोधडीचेही तेच. नळ आला, गॅस आला, म्हणून कोणत्या गावात गोधड्या वाढल्याचे दिसत नाही.

मग कापड स्वस्त झाल्यावर गोधडी संपायला हवी होती, असे कोणी विचारील. मुंबईत कावसजी दावरांची पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये चालू झाली, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये. पुढच्या अर्धशतकात गिरणीचे धोतर आणि गिरणीचे लुगडे साध्या घरांपर्यंत पोचले. गोधडी मात्र टिकून राहिली, आणि यात नवल नाही. गोधडी ही टोकाच्या दारिद्र्याची खूण नव्हेच. तिला घरात जुन्या कापडाचा साठा लागतो, आणि एकच लुगडे धुऊन तेच नेसणाऱ्या बाईकडे तो साठा कुठून येणार? कापड स्वस्त झाले तसे घरात टाकाऊ कापड जमू लागले, गोधडीचे थर वाढले, छापील कापडांमुळे रंग वाढले. उलट १९४३ नंतर युद्धकाळात कापडावर नियंत्रण आले, तेव्हाचा विचार करावा. अशा टंचाईत लुगडे अंगावरच जास्त दिवस राहते, दांडावर दांड पडतात, आणि गोधडीच्या वाट्याला यायला वेळ लागतो. गिरणीने गोधडीला मारले नाही, खाऊ घातले. आणि गिरणीत काम करणाऱ्यांनीच ती शहरात नेली. मुंबईत १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. तिच्यात एक कुटुंब, पुष्कळदा गावाकडचे आणखी काही जण. खाट ठेवायला जागा नाही, गादी ठेवायला त्याहून नाही. दिवसा गोधड्यांची वळकटी भिंतीला टेकवून ठेवली की तीच बैठक, रात्री उलगडली की जमीनभर अंथरूण. रिळाच्या आणि वायंडिंगच्या खात्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या घरातही हीच व्यवस्था होती, तेव्हा रिकाम्या बायकांची कला हे नाव गोधडीला इथे तर अजिबातच लागू पडत नाही.

खरा प्रतिस्पर्धी आला तो वेगळ्याच वाटेने, डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन. बोहारीण जुने कपडे घेई आणि त्यांच्या मोबदल्यात भांडे देई. स्टीलची भांडी मध्यमवर्गाच्या फळीवर आली आणि त्याच सुमारास, १९६०च्या दशकात, टेरिलीनचे शर्ट आणि नायलॉनच्या साड्या आल्या, तेव्हा हा व्यवहार भरभराटीला आला. गोधडीच्या इतिहासात बोहारणीचे नाव सहसा कोणी घेत नाही, पण माझ्या मते तिच्याइतका नेमका पुरावा दुसरा नाही. तिच्यामुळे जुन्या कापडाला दारातच भाव फुटला. आता गोधडी फुकट राहिली नाही: या चार साड्यांची गोधडी करायची की पातेले घ्यायचे, हा प्रश्न उभा राहिला आणि अनेक घरांनी पातेले घेतले. घासाघीस करून, हे सांगायला नको. त्यात टेरिलीन गोधडीला वाईटच. ते निसरडे, घाम न शोषणारे आणि सुती कापडासारखे झिजून मऊ न होणारे. गोधडी मागे पडायला बाईचा आळस किंवा नोकरी हे कारण सांगण्याआधी निदान हे दोन हिशेब तपासायला हवेत.

आता दुसरी परंपरा. जुन्या रीतीत रुखवत म्हणजे मुलीकडून वराकडे जाणारे खाद्यपदार्थ. त्याच नावाने पुढे मांडवात टेबलावर मांडलेले प्रदर्शन उभे राहिले: क्रोशाचे रुमाल, मण्यांचे तोरण, लोकरीची फुले, भरतकाम केलेले उशांचे अभ्रे, काचेच्या चौकटीतला ‘सुस्वागतम्’. हे आले कुठून? सुईकाम मुलींच्या शाळेतून आले. मिशनऱ्यांच्या कन्याशाळांत ते शिकवले जाई, आणि पुढे सरकारी आणि खासगी कन्याशाळांच्या अभ्यासक्रमातही त्याला जागा मिळाली. मुलीला शिकवून काय करायचे, असे विचारणाऱ्या बापाला शिवण-टिपण दाखवता येत असे. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते, पण तिथला हेतू विधवेला आणि गरजू बाईला चार पैसे मिळवता यावेत हा होता, म्हणजे तिथे बाईच्या वेळेला किंमत लावली जात होती. रुखवताच्या सुईकामाला ती नव्हती. ते लग्न ठरेपर्यंत थांबलेल्या मुलीचे काम होते. शारदा कायदा १९२९चा. त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले, आणि मध्यमवर्गात शिक्षणामुळे ते प्रत्यक्षात आणखी पुढे सरकले. शाळा संपली आहे, लग्न झालेले नाही, बाहेर काम करायची मुभा नाही, असा काही वर्षांचा मोकळा काळ मराठी मुलीच्या आयुष्यात पहिल्यांदाच तयार झाला. १९३० मध्ये किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक काढले आणि स्त्रियांसाठी वाचनाचे नवे दालन उघडले. अशा मासिकांतून विणकाम-भरतकामाचे नमुनेही घरोघर गेले. मोजणीचे टाके याच काळात, याच मुलींच्या हातांत बसले. आता मोजायला वेळ होता.

यावर म्हणता येईल की रुखवतातही काटकसर होतीच: काडेपेट्या, फुटक्या बांगड्या, जुन्या लग्नपत्रिका यांच्या वस्तू होत, आणि विकतच्या शोभेच्या सामानापेक्षा त्या स्वस्त पडत. यात तथ्य आहे, पण थोडेच. क्रोशाचा दोरा विकतचा, लोकर विकतची, मणी आणि काचेच्या नळ्या विकतच्या, चौकट करून घ्यायची ती बाजारातून. बांगड्यांच्या तुकड्यांचा मोर व्हायला पुठ्ठा, मखमल आणि डिंक नवा लागे. शिवाय या वस्तूंनी घरातली कोणतीही गरज भागत नव्हती. त्यांचा उपयोग मुलीचा हात कसा आहे हे सासरच्यांना दाखवण्यापुरता, आणि तो महत्त्वाचा होता हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याला प्रतिष्ठा म्हणावे, काटकसर म्हणू नये. या वस्तूंचे पुढचे आयुष्यही तसेच गेले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढे घरोघरच्या टीव्ही संचावर क्रोशाचे आच्छादन आले, तसेच रेडिओवर, फोनवर, खुर्चीच्या पाठीवर. विकत घेतलेल्या महागड्या वस्तूला घरचा हात लागला पाहिजे, अशी ती वृत्ती. मला तिच्याबद्दल आकस नाही. वायरच्या पिशव्या विणणाऱ्या बायकांनी १९७०-८०च्या सुमारास जे केले ते तर उपयोगाचेही होते आणि देखणेही. पण त्यांनी वायरची बंडले विकत आणली होती, ही गोष्ट हिशेबातून गाळून चालणार नाही.

या दोन परंपरांचा गोंधळ का झाला, याचे एक कारण पुराव्याच्या स्वरूपात आहे. रुखवतातल्या वस्तू कपाटात जपल्या गेल्या, त्यांचे फोटो निघाले. गोधडी संपेपर्यंत वापरली गेली: आधी पांघरूण, मग अंथरूण, मग बैलाच्या पाठीवर, शेवटी पोतेरे. जी वस्तू पूर्णपणे उपयोगी पडते तिचा अवशेष उरत नाही, आणि अवशेष पाहून लिहिणाऱ्याला कपाटातलीच कला दिसते. दुसरे कारण शाळेत आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीम पुढे आली. तिच्यात हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा कणा होता, पण कोणता? सूतकताई, शेती यांसारखा, ज्यातून खरोखर काही उत्पादन होते असा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हाच धागा कार्यानुभव म्हणून उचलला. वर्गात पोचेपर्यंत त्याचे ‘टाकाऊतून टिकाऊ’ झाले, आणि त्यासाठी आईबाप रात्री नऊ वाजता स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचे पाकीट शोधत फिरू लागले. टाकाऊ वस्तू विकत आणायची वेळ आली की समजावे, रुखवताने गोधडीचे नाव घेतले आहे.

गोधडी आज पुन्हा दिसू लागली आहे, पण उलट्या गणितावर. पुण्या-मुंबईत आणि अनेक लहान गावांत बायका मजुरीने गोधड्या शिवून देतात; साड्या ग्राहकाच्या, दोरा आणि हात त्यांचे. तिकडे बाजारात पॉलिस्टरचे मऊ ब्लँकेट मिळते, आणि त्याहून स्वस्त जे पानिपतचे जाडेभरडे ब्लँकेट, ते तर परदेशातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचे सूत काढून विणलेले असते; म्हणजे जुन्यातून नवे करण्याचे काम आता यंत्रावर गेले आहे. हाताने शिवलेल्या गोधडीची योग्य मजुरी धरली तर ती या ब्लँकेटपेक्षा महाग पडते, पडायलाच हवी. तरी लोक शिवून घेतात, कारण त्यांनी आणलेल्या साड्या आईच्या असतात. पूर्वी कापडाला किंमत होती आणि बाईच्या वेळेला नव्हती. इथे साडीला बाजारात काही येत नाही आणि वेळेचे पैसे मोजले जातात. ग्राहकाला ओळी सरळ हव्या असतात, चौकोन सारख्या मापाचे, म्हणून शिवणारी आधी खडूने रेघा आखून घेते आणि मग टाके मोजते.